सुवर्णा मडावीची आयपीए

सुवर्णा मडावीच्या गॅरेजमध्ये गाडी नसते. अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या हिवाळ्यात आम्ही सगळे गाड्या आत घेतो आणि ही बाई ऑफिसला जाण्याआधी ड्राइव्हवेमध्ये उभी राहून काचेवरचा बर्फ खरवडत असते. कारण गॅरेजमध्ये तिची बिअर उकळायची भलीमोठी स्टीलची केटल आहे, बिअर आंबवायच्या टाक्या आहेत आणि एक जुना फ्रीझर आहे. त्या फ्रीझरमध्ये मटार नाहीत, चिकन नाही. हॉप्सची चंदेरी पाकिटं आहेत.

मी तिच्या समोरच्या घरात राहते. मी साताऱ्याची, ती गोंदिया जिल्ह्यातली, देवरीच्या बाजूची, गोंड आदिवासी. ती एका विम्याच्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. वय अडतीस. लग्न केलेलं नाही, आणि इथल्या मराठी मंडळातल्या काकूंनी त्याबद्दल विचारलं की ती त्यांनाच त्यांच्या गुडघेदुखीबद्दल विचारते. तिचे वडील सुभाष मडावी शाळामास्तर होते. अख्खा तालुका त्यांना गुरुजी म्हणतो. नोकरीच्या जोडीला त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं, गावोगावी दारूबंदीच्या सभा घेतल्या. पुढचं सगळं कळायला ही गोष्ट माहीत असलेली बरी.

बिअर करायचं खूळ तिला ऑफिसमुळे लागलं. ख्रिसमसच्या वेळी नावांच्या चिठ्ठ्या काढून एकमेकांना भेटी देतात, त्यात कुणीतरी तिला घरी बिअर करायचं किट दिलं. तिला मुळात बिअर फारशी आवडतही नव्हती. पण एखादी गोष्ट जमली नाही की हिची झोप उडते. टेस्टरच ती. पहिली आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडवट बिअर, तिने मला चाखायला दिली तेव्हा मी सिंकपर्यंत कशीबशी पोहोचले. कडुनिंबाचा काढा परवडला असता.

"वास यावा म्हणून हॉप्स दुप्पट टाकले," ती म्हणाली. "वास गेला कुठे?"

वास वाफेबरोबर गेला होता. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, वाळवून, दाबून त्यांच्या हिरव्या गोळ्या करतात. बिअरचा कडूपणा त्यांचाच आणि वासही त्यांचाच. माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं, गोड पाणी तासभर उकळायचं असतं. हॉप्स उकळीच्या सुरुवातीला टाकले की कडूपणा सगळा उतरतो आणि वास उडून जातो. वास हवा असेल तर ते शेवटी टाकायचे. आपण वरणावर कोथिंबीर घालतो तसं, असं मी म्हटलं तेव्हा ती वैतागली. "कोथिंबिरीइतकं सोपं असतं तर तुझ्यासमोर हे डबडं घेऊन बसले असते का?"

सोपं नव्हतंच. तिने शेवटच्या दहा मिनिटांत टाकून पाहिले. वास आला, पण शेजारच्या घरातून आल्यासारखा. मग आच बंद करून लगेच सगळे टाकले, तर पाणी इतकं तापलेलं होतं की बिअर पुन्हा कडू झाली आणि वर ओल्या गवतासारखी लागायला लागली. एकदा सगळं जमलं, पण भरताना हवा शिरली आणि पंधरवड्यात बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास आला. प्रत्येक वेळी ती बिअर मागच्या लॉनवर ओतायची. त्या जागी गवत पिवळं पडलं, कुत्र्याने मुतल्यासारखं. शेजारच्या म्हाताऱ्या अमेरिकन बाईने तिला कुत्रा पाळलायस का म्हणून विचारलं.

दोन वर्षं हे चाललं. ती वाचायची, घरी बिअर करणाऱ्यांच्या होमब्रू क्लबमध्ये जाऊन लोकांना प्रश्न विचारून भंडावायची, शनिवारी परत केटल चढवायची. शेवटी तिला तिची पद्धत सापडली. उकळताना अगदी थोडे हॉप्स. मग आच बंद, थंड पाणी फिरणारी नळीची गुंडाळी आत सोडून केटल एकशे सत्तर डिग्री फॅरनहाइटपर्यंत खाली आणायची, तेव्हा कुठे पाकिटं फोडायची आणि झाकण ठेवून तसंच मुरू द्यायचं. बिअर आंबत आली की टाकीत आणखी एक मूठ. त्या दिवशी तिने मला हाक मारून बोलावलं आणि टाकीचं झाकण उचललं. मी आत नाक घातलं. पिकलेला आंबा, संत्र्याची साल आणि थोडीशी पाइनच्या झाडासारखी झणझणीत थंडी. त्यात आंबा नव्हता, संत्रं नव्हतं. सुवर्णा हाताची घडी घालून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काही बोलायच्या आतच तिला कळलं, आणि ती गॅरेजमधल्या उलट्या बादलीवर बसून हसत सुटली.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण पुढे जे झालं ते.

चार जुलैच्या सुट्टीत प्रफुल्ल सरदेसाईंच्या घरामागच्या डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर, पार्टी होती. प्रफुल्लदादा आमच्या मंडळाचे सांस्कृतिक सचिव. माणूस मोठ्या आवाजाचा, हात सैल, गणपतीला सजावटीसाठी स्वतः शिडीवर चढणारा. त्यांनीच सुवर्णाला सांगितलं, "तुझी बिअर आण गं, सगळे म्हणतात भारी असते." तिने अख्खा केग, म्हणजे बिअरचं पिंपच आणलं. लोक ग्लास नाकाशी धरून थबकत होते. मला तिचा अभिमान वाटत होता.

"आंबा घातलास ना?" प्रफुल्लदादांनी विचारलं.

"नाही."

"मग वेलची? काहीतरी आपलं देशी घातलंयस."

"काहीच नाही. फक्त हॉप्स. ते शेवटी टाकायचे असतात, आच बंद केल्यावर. केटल थोडी थंड झाली की..."

त्यांनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "अरे, हिला काय अवघड आहे! यांच्याकडे रक्तातच असतं ते. मोहाची वगैरे."

सगळे हसले. बिअर पिऊन तोंड पुसता पुसता हसले.

सुवर्णा म्हणाली, "प्रफुल्लदादा, माझ्या घरात दारू कधी आली नाही. माझे बाबा दारूबंदीचं काम करतात."

"अगं, कॉम्प्लिमेंट आहे ही! रिलॅक्स!" आणि ते पनीर उलटायला ग्रिलकडे गेले.

आम्ही दोघी चालतच घरी निघालो. अर्ध्या रस्त्यात ती फूटपाथवर थांबली. "दोन वर्षं मी लॉनवर ओतत होते ते काय होतं, रुपाली? ते कुठल्या रक्तातून आलं होतं?"

ते उत्तर मला द्यायचं नव्हतंच, त्या डेकवर हसलेल्या प्रत्येकाने द्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. केगजवळ उभी सुवर्णा, हातात ग्लास. खाली प्रफुल्लदादांचा मजकूर: "आपली सुवर्णा! जंगलातून थेट नेपरव्हिल! मोहाची परंपरा रक्तात, आता अमेरिकेत!" खाली टाळ्या, हसरे चेहरे, बिअरचे मग. सुवर्णाने लिहिलं, "यात मोह नाही. हे खरं नाही. कृपया काढा." त्यावर तिघांनी अंगठा दिला. कशाला दिला हे देवाला ठाऊक, कारण पोस्ट तशीच राहिली.

मग त्यांचा फोन आला. तो पोस्टबद्दल असेल असं तिला वाटलं. तसं नव्हतं. त्यांना एक कल्पना सुचली होती. सप्टेंबरच्या फूड फेस्टिव्हलमध्ये एक 'ट्रायबल कॉर्नर' करायचा. "तू तुमच्याकडची साडी नेसून उभी राहा, ते गळ्यातलं वगैरे घाल. बिअरऐवजी एखादं मॉकटेल ठेवू, पब्लिक प्लेस आहे ना. वातावरण मस्त होईल यार."

"मी टेस्टर आहे, प्रफुल्लदादा," ती म्हणाली. "मी ऑफिसला जीन्स घालून जाते. तुमच्यासारखीच." आणि तिने फोन ठेवला.

तो शनिवार मला नीट आठवतो. सकाळी मी तिच्याकडे डोशाचं पीठ द्यायला गेले होते. ती केटल धूत होती, हात ओले, म्हणून फोन वाजला तसा तिने स्पीकरवर टाकला. गुरुजी होते. गोंदियात तेव्हा संध्याकाळ.

"सुवर्णा, एक फोटो आला आहे माझ्याकडे. तू दारू करून राहिली का तिथं?"

तिने त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. ती टेस्टिंग करते, चांगली नोकरी आहे, हिवाळ्यात टोपी घालते, एवढंच त्यांना ठाऊक. फोटो कुणा मेंबराच्या नागपूरच्या चुलतभावाकडून कुठल्या तरी शिक्षकांच्या ग्रुपवर गेला होता, आणि तिथून गुरुजींकडे. मजकुरासकट.

सुवर्णाने ओले हात पँटला पुसले. "हो बाबा. बिअर करते मी. घरी."

मला वाटलं आता ते फोन ठेवणार. मी दाराकडे सरकले, तर तिने डोळ्यांनीच मला थांबवलं.

"दारूबद्दल मी तुझ्याशी वेगळा भांडेन," गुरुजी म्हणाले. "ते भांडण मोठं आहे, आज नाही. आधी मला सांग, हे 'रक्तात' कुणी लिहिलं?"

तिने सांगितलं.

"शिकलेला माणूस आहे?"

"हो. इंजिनिअर."

मग गुरुजींनी जे सांगितलं ते तिलाही माहीत नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी ते एका मोठ्या गावच्या शाळेत होते. तिथला हेडमास्तर रोज सकाळी हजेरीच्या आधी त्यांना ऑफिसात बोलवायचा आणि म्हणायचा, मडावी, तोंड उघडा, श्वास सोडा. बाकी कुठल्या मास्तरला नाही, फक्त त्यांना. गुरुजींनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. एकदा तापाने डोळे लाल होते, तर दिवसभर त्यांना वर्गावर जाऊ दिलं नाही. पोरं दारातून डोकावून बघत होती. "मी विचारलं, सर, मलाच का? तर तो म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या लोकांच्या रक्तातच असते. हेच शब्द, बाई. चव्वेचाळीस वर्षांनी तेच शब्द मला माझ्या पोरीच्या फोटोखाली वाचायला मिळाले."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण सुवर्णाचा चेहरा असा झाला होता की मी तिच्यासमोरची केटल उचलून बाजूला ठेवली.

"त्याला परत घ्यायला लाव," गुरुजी म्हणाले. "गुपचूप नाही. जिथं लिहिलं तिथं."

आम्ही त्याच दुपारी गेलो. दार अपर्णाने उघडलं, प्रफुल्लदादांच्या बायकोने. चहा टाकते म्हणाली, सुवर्णा नको म्हणाली. प्रफुल्लदादा खाली बेसमेंटमधून आले, आमचे चेहरे बघून हसण्याचा प्रयत्न केला.

"अजून तेच? सुवर्णा, तू फार सेन्सिटिव्ह होतेयस. मी आयुष्यात कधी जात-पात मानली नाही. इथे आपण सगळे महाराष्ट्रीयन."

"हर्षिता व्हायोलिनमध्ये स्टेट लेव्हलला गेली तेव्हा तुम्ही काय लिहिलं होतं?" सुवर्णाने विचारलं. हर्षिता त्यांची मुलगी.

"काय लिहिलं होतं?"

"'मेहनतीचं फळ' लिहिलं होतं. 'रोज चार तास रियाज' लिहिलं होतं. आमच्या रक्तातच आहे, असं नाही लिहिलं. तुमच्या मुलीची मेहनत, आणि माझं रक्त. असं का?"

अपर्णा पाण्याचा ट्रे हातात घेऊन तिथेच उभी राहिली. प्रफुल्लदादांनी मान खाजवली. "ओके बाबा, डिलीट करतो."

"डिलीट नको. ते लिहिणं चूक होतं असं तिथेच लिहा."

"ग्रुपवर ड्रामा नको ना. डिलीट करतो, विषय संपला."

आणि त्यांनी आमच्यासमोर फोन काढून पोस्ट डिलीट केली, जणू केवढे उपकार! म्हणजे ज्या लोकांनी ते हसत हसत वाचलं, पुढे पाठवलं, त्यांच्या डोक्यात ते तसंच. तिच्या नावापुढे मोह तसाच. फक्त आता दाखवायला काही उरलं नाही. सुवर्णाने घरी येऊन ग्रुपवर स्वतःच लिहायला घेतलं, तर लिहिताच येईना. मंडळाचे अध्यक्ष रवी यांनी सेटिंग बदललं होतं. आता फक्त ॲडमिन लिहू शकत होते. वर त्यांची सूचना: "ग्रुपवर पॉलिटिक्स नको. सर्वांनी सौहार्द जपावं." अपमान करणाऱ्याला ग्रुप उघडा होता. जिचा अपमान झाला ती बोलायला लागली की दार बंद. याला आमच्याकडे सौहार्द म्हणतात!

ऑगस्टमध्ये लायब्ररीच्या हॉलमध्ये मंडळाची वार्षिक सभा होती. साठेक माणसं असतील. सुवर्णाने पाच मिनिटं मागितली. रवी म्हणाले, अजेंड्यावर नाही. ती म्हणाली, "मी मेंबर आहे," आणि पुढे जाऊन उभीच राहिली. मग कोण काय करणार?

तिने भाषण वगैरे केलं नाही. बिअर कशी केली ते सांगितलं. काय काय फसलं तेही सगळं सांगितलं. मागे दोघं-चौघं हसले, पण चांगलं हसले. मग ती म्हणाली, "हे मी एका गोऱ्या प्लंबरकडून शिकले, क्लबमधल्या. त्याला कुणी म्हणत नाही तुझ्या रक्तात आहे. आणि आमच्याकडे ज्या बाया मोहाची करतात ना, त्याही शिकूनच करतात. फुलं कधी वेचायची, किती वाळवायची, भिजवायची किती, हे आईकडून शिकतात, चुकतात, परत करतात. त्यांच्याही रक्तात नाही ते. त्यांच्या दारावर पोलीस येतात, मडकी फोडतात. मी इथे तीच गोष्ट केली तर तुम्ही फोटो काढता. मला तुमच्याकडून एवढंच हवंय की प्रफुल्लदादांनी जे लिहिलं ते चूक होतं, असं इथे म्हणावं."

प्रफुल्लदादा उठले. "मी मजेत लिहिलं होतं. तरी कुणाला वाईट वाटलं असेल तर सॉरी."

"'असेल तर' काढा," सुवर्णा म्हणाली.

"म्हणजे?"

"मला वाईट वाटलंय. मी समोर उभी राहून सांगतेय. असेल तर नाही."

ते तसेच उभे राहिले. एवढे दोन शब्द वगळायचे होते, फक्त दोन. शिडीवर चढून झुंबर लावणाऱ्या माणसाला तेवढं जमलं नाही. ते खाली बसले. बसताना शेजारच्याकडे बघून खांदे उडवले, मी पाहिलं.

तेव्हा अपर्णा उठली. "मी त्या दिवशी डेकवर होते. मीही हसले. ते चूक होतं, सुवर्णा. मला माफ कर." आणि ती बसली, नवऱ्यापासून एक खुर्ची सोडून.

रवींनी घसा खाकरला आणि पार्किंगच्या पासचा विषय काढला. पुढचा अर्धा तास पार्किंगच्या पासवर चर्चा झाली, आणि काय जोरदार झाली! एवढी माणसं, सगळी शिकलेली, सगळ्यांची मतं तयार. मघाशी एकालाही बोलायला तोंड नव्हतं.

ट्रायबल कॉर्नर झाला नाही. कुणी रद्द केला ते जाहीर झालं नाही, पोस्टरवर तो नव्हता इतकंच. सुवर्णाने मंडळ सोडलं, मीही सोडलं. प्रफुल्लदादा अजूनही लोकांना सांगतात की पोरगी हुशार आहे, पण फार मनाला लावून घेते. कॉस्टकोच्या दुकानात दिसले तर मोठ्याने हाय म्हणतात. सुवर्णा हाय म्हणत नाही. लोकांना हे उद्धटपणाचं वाटतं. वाटू दे.

अपर्णा मात्र एका रविवारी आली. बराच वेळ अवघडून बसली. सुवर्णा हॉप्स मोजत होती, तिने अपर्णाला टायमर हातात दिला आणि कधी हाक मारायची ते सांगितलं. मैत्री झाली असं मी म्हणणार नाही.

गुरुजींना सभेचं सगळं कळवलं. त्यांनी एकच विचारलं, "उभी राहून बोलली ना?" आणि मग मोठं भांडण सुरू झालं, जे त्यांनी राखून ठेवलं होतं. दर रविवारी फोनवर तासभर. दारूने त्यांच्या गावातली कुठकुठली घरं बसली, त्यांची नावं घेऊन ते सांगतात, आणि सुवर्णा निमूट ऐकते, कारण त्यातलं खोटं काहीच नाही. मग ती म्हणते, "बाबा, तुमचं बरोबर आहे, पण मी सोडणार नाही." ते म्हणतात, "मग मीही सोडणार नाही." मध्येच एकदा त्यांनी विचारलं म्हणे, की आंबा न घालता आंब्याचा वास येतो तो नेमका कसा. ती अर्धा तास सांगत होती. मास्तर माणूस, मध्ये मध्ये प्रश्न विचारत होता.

मे महिन्यात ते पहिल्यांदा अमेरिकेला येताहेत. थेंबाला हात लावणार नाही, असं त्यांनी आधीच बजावून ठेवलंय. सुवर्णाने तिकीट काढलंय, आणि दारूवरचं भांडण अजून तसंच चालू आहे.